कामाला लागायच्या आधी पोरांना खरी माहिती कुठून द्यायची? कार्ड, पोर्टल, सेफ्टी वीक सगळं आहे तरी

सत्तरीची_ताई

नमस्कार मंडळी. माझं गोव्यात सत्तरीतल्या होंड्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या भागातल्या आयटीआय नायतर बारावी झालेल्या पोरापोरींचं नोकरीचं काहीही असलं की पहिली धाव माझ्याकडे. एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं (सरकारी रोजगार कार्यालयाचं) कार्ड काढणं, रिन्यू करणं, एनसीएस या केंद्र सरकारच्या नोकरीच्या पोर्टलवर प्रोफाइल टाकणं, ज्यांचं पीएफ-ईएसआय (कामगार विमा) काहीच नाही त्यांची ई-श्रमवर असंघटित कामगार म्हणून नोंदणी, पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याची कागदं, सगळं करून देते. पण फॉर्म सबमिट झाला की पुढं काय, ते त्यांना माहीत नसतं आणि मलाही नीट सांगता येत नाही.

एनसीएस पोर्टल २०१५ पासून आहे, ई-श्रम ऑगस्ट २०२१ पासून, रोजगार मेळावे होतात, ४ मार्च आला की इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये सेफ्टी वीकचे बॅनर लागतात. सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. पण आमच्या पोरांना काम लागतं ते कॉन्ट्रॅक्टरच्या व्हॉट्सॲप मेसेजवर. परवाचाच एक सांगते: "वेर्णा, हेल्पर पायजे, बस आहे, ओटी मिळेल, उद्या सकाळी आधार आणि दोन फोटो घेऊन गेटवर या." कंपनी कुठली, पगार किती, मशीन कसलं, केमिकल आहे का, काही म्हणजे काही नाही. आणि पोरगं जातं, कारण घरी बसून बसून वैतागलेलं असतं आणि आईबाप पण म्हणतात जा बाबा, मिळालं ते कर.

गेल्या पावसात आमच्या शेजारच्या वाड्यावरचा एक असाच लागला. फिटर ट्रेड पास झालेला, हुशार पोरगा. पॉवर प्रेसवर उभा केला. त्या प्रेसला दोन हिरवी बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो, म्हणजे हात आत राहूच नये. तिथं एक बटण पुठ्ठ्याची घडी घालून सेलोटेपनं कायमचं दाबून ठेवलेलं, का तर एका हातानं पीस आत सरकवायचा आणि दुसऱ्यानं बटण मारायचं, तासाला नग जास्त निघतात. सगळे तसंच करत होते, यानंही केलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. वर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो की अजून रोलवर (हजेरीपटावर) घेतलाच नव्हता, पुढच्या महिन्यापासून दाखवणार होतो.

तर मला विचारायचंय ते असं की जागा खरी आहे का, काम कसलं आहे, धोका काय आहे ही माहिती सरकारकडे एका ठिकाणी मिळते का, नसेल तर कुणाकडे तुकड्या-तुकड्यानं मिळते, आणि माझ्यासारखीनं दुकानाच्या भिंतीवर काय लिहून लावलं तर पोरांना गेटवर उभं राहताना उपयोग होईल. आणि त्या पोराच्या बापाला काय सांगू तेही सांगा, तो रोज दुकानात येऊन बसतो.

---

जुना_कारकून

ताई, मी रोजगार खात्यात कारकून म्हणून नोकरी करून रिटायर झालो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. एका ठिकाणी मिळत नाही. आणि का मिळत नाही ते समजून घेतलंत तर कुठं शोधायचं ते कळेल.

एक्सचेंजकडे रिकाम्या जागांची माहिती यायची ती १९५९ च्या कायद्यानं. खाजगीत २५ किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक आस्थापनानं जागा कळवायची, दर तीन महिन्यांनी ईआर-वन रिटर्न भरायचं, दोन वर्षांनी ईआर-टू, त्यात कुठल्या कामाला किती माणसं ते लिहायचं. कागदावर चांगली व्यवस्था. पण त्याच कायद्यात लिहिलंय की जागा कळवली म्हणजे एक्सचेंजमधूनच माणूस घ्यायला पाहिजे असं बंधन नाही, आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या कामाला तर कळवण्यातूनच सूट. आता तुमचा हेल्पर कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर किती महिन्यांचा असतो ते तुम्हीच बघा. ज्या जागांवर आपली पोरं खरोखर लागतात त्याच जागा त्या रिटर्नमधून निसटतात. ही माझी नोकरीभर खंत राहिली. रिटर्न आलं नाही म्हणून आम्ही पत्रामागून पत्र पाठवायचो, पण जे रिटर्न यायचं त्यात ती माणसं नसायचीच. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड (केंद्राचे नवे कामगार कायदे) लागू झाले, १९५९ च्या कायद्याची जागा सोशल सिक्युरिटी कोडनं घेतली, एक्सचेंजला त्यात करिअर सेंटर असं नाव आहे. नाव बदलून भागणार नाही, कॉन्ट्रॅक्टची जागा त्यात दिसायला लागली तरच तुमच्या पोरांना फायदा.

आणखी एक, कारण पेपरात दर वेळी यावरून वाद होतो. गोव्यात बेकारी किती? २०२३-२४ च्या पीएलएफएसमध्ये, म्हणजे केंद्राच्या रोजगाराच्या सर्व्हेत, गोव्याचा आकडा ८.५ टक्के होता, देशाचा ३.२. हा घरोघरी जाऊन केलेला सर्व्हे, वर्षभरात माणूस काय करत होता ते विचारतात. एक्सचेंजचं लाइव्ह रजिस्टर वेगळं, त्यात कार्ड असलेला प्रत्येक जण धरला जातो, मग तो खाजगीत कामाला असून सरकारी नोकरीची वाट बघत असला तरी. दोन्ही आकडे एकमेकांवर मारून काही सिद्ध होत नाही. आणि दोन्हीतून हे कळत नाही की सत्तरीतल्या फिटरला कुठल्या एस्टेटमध्ये कुठल्या मशीनवर माणूस पाहिजे. तुम्हाला पाहिजे ती माहिती त्या पातळीची आहे, आणि ती गोळा करायची तर एस्टेटवार, ट्रेडवार करायला पाहिजे. आयटीआयच्या प्लेसमेंटवाल्या सरांकडे ती बऱ्याचदा पोर्टलपेक्षा जास्त असते कारण कंपन्या ॲप्रेंटिससाठी थेट त्यांना फोन करतात. पोरांना आधी तिकडे पाठवा.

पोराच्या बापाबद्दल उद्या सविस्तर लिहितो, आता डोळे दुखतात.

---

कुंडईचा_सेफ्टीवाला

ताई, तुमचं ते पुठ्ठ्याचं वाचून अंगावर काटा आला. मी सेफ्टी ऑफिसर आहे आणि टू-हँड कंट्रोल असा बांधून ठेवलेला मी डोळ्यांनी बघितलाय, एकदा नव्हे. आमच्या लाइनीत त्याला बायपास म्हणतात. ऑपरेटर स्वतःहून करतो असं सुपरवायझर सांगतात, पण टार्गेट कोण देतं? बटण बांधलेलं दिसत असताना मशीन चालू ठेवणारा सुपरवायझर आणि मॅनेजर जबाबदार असतो, कामगार नाही. पोराला कुणी तुझीच चूक म्हणत असेल तर ते मनातून काढून टाकायला सांगा.

आता हक्काचं. १९८४ ला भोपाळ झालं, त्यानंतर १९८७ मध्ये फॅक्टरीज ॲक्टमध्ये दुरुस्ती केली आणि त्यात कलम १११-ए आलं. त्यानं कामगाराला आपल्या आरोग्याची आणि सुरक्षेची माहिती मालकाकडून मागायचा हक्क मिळाला, ट्रेनिंग मिळायचा हक्क मिळाला, आणि सरळ फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जायचाही हक्क मिळाला. आता फॅक्टरीज ॲक्टच्या जागी जो नवीन ओएसएच कोड (कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा) आलाय त्यातही माहिती मागायचा आणि जिवाला लगेच धोका दिसला तर तो कळवायचा हक्क ठेवलाय. हे गेटवरच्या पोराला कुणी सांगत नाही. आम्ही इंडक्शनमध्ये सांगतो, पण कॉन्ट्रॅक्टचं पोरगं इंडक्शनला न बसवता थेट शॉप फ्लोअरवर जातं, कारण शिफ्टला माणूस कमी असतो. जे सगळ्यात नवीन, ज्याला मशीनची काही कल्पना नाही, तोच ट्रेनिंगशिवाय आत.

तुम्ही सेफ्टी वीकचं म्हणालात. नॅशनल सेफ्टी काउन्सिलची स्थापना ४ मार्च १९६६ ची, म्हणून तो दिवस. त्याला नावं ठेवू नका, मी मनापासून सांगतो, त्या आठवड्यात मॅनेजमेंट ऐकून घेते, बजेट सुटतं, मी दोन वर्षं मागत होतो ते मशीनचे गार्ड मला त्याच आठवड्यात मंजूर झाले. पण शपथ इंग्रजीत, पोस्टर इंग्रजीत, आणि लाइनवर उभे असलेले ओडिशाचे, झारखंडचे, कर्नाटकातले. फॅक्टरीज ॲक्टच्या कलम १०८ मध्ये स्वच्छ लिहिलेलं की नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळते त्या भाषेत लावायच्या. मी आमच्याकडे मराठी, हिंदी, कन्नड लावायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका पोरानं येऊन विचारलं की ड्रमवरचं ते कवटीचं चित्र म्हणजे काय. तो कित्येक महिने ते ड्रम उचलत होता.

पणजीत आल्तिनोला इन्स्पेक्टोरेट ऑफ फॅक्टरीज अँड बॉयलर्सचं ऑफिस आहे आणि त्यांचीच सेफ्टी आणि ऑक्युपेशनल हेल्थची इन्स्टिट्यूट पण. तिथं ट्रेनिंग होतात, पण येतात ते बहुतेक माझ्यासारखे कंपनीनं पाठवलेले. माझं म्हणणं असं की ते ट्रेनिंग आयटीआयच्या शेवटच्या सहामाहीत न्या, होंड्याला, डिचोलीला, काकोड्याला. कामाला लागायच्या आधी पोरानं प्रेस, ग्राइंडर, बॉयलर, टाकीत उतरायचं परमिट हे सगळं एकदा बघितलेलं असलं की गेटवर प्रश्न विचारायची हिंमत येते.

---

पिळर्ण_पॅकिंग

ताई मी पॅकिंगला आहे, कॉन्ट्रॅक्टवरच. तुमच्या भिंतीसाठी माझ्याकडून. गेटवर पोरीला किंवा पोराला एवढंच विचारता आलं पाहिजे की मी कुणाच्या रोलवर आणि कंपनीचं नाव काय, जॉइनिंग लेटर आज देणार की नाही, ईएसआय नंबर कधी निघणार, आणि मला कुठल्या मशीनवर घालणार. आम्ही लागलो तेव्हा यातलं एकही विचारलं नव्हतं. बाजूच्या सेक्शनमध्ये सॉल्व्हंट आहे हे मला वासावरून कळलं, डोकं दुखायचं, मी आपली समजायचे की रात्रपाळीनं दुखतंय. नंतर एका सिनियर बाईनं सांगितलं की त्याचं डेटा शीट, म्हणजे केमिकलच्या धोक्याची माहिती लिहिलेला कागद, असतं, मागून घे. मागितलं तर दिलं, कुणी रागावलं नाही.

आणि ईएसआय नंबर मिळाला तरी पैसे भरतात का ते मोबाइलवर बघायला शिकवा. पगारातून पाऊण टक्का कापतात, मालकानं सव्वातीन टक्के घालायचे असतात. आमच्यातल्या एकीचे कापत होते आणि भरत नव्हते.

---

उगाच_नाही_बोलत

सगळं बरोबर आहे हो, पण खरं बोलू का, एवढे चार प्रश्न विचारणाऱ्या पोराला गेटवरून परत पाठवतात आणि मागच्याला आत घेतात. मी स्वतः बघितलंय. कॉन्ट्रॅक्टरला बोलणारा माणूस नकोच असतो. त्यामुळे पोस्टर लावा जरूर पण पोराची नोकरी गेली तर आईबाप तुमच्या दुकानावर येतील.

---

कुंडईचा_सेफ्टीवाला

@उगाच_नाही_बोलत तुमचं खोटं नाही. म्हणून एकट्यानं विचारू नये. एका वाड्यावरचे चार-पाच जण एकाच बसनं जातात ना, मग एकानंच सगळ्यांसाठी विचारावं, तेही मोठ्या आवाजात नको, नाव-गाव लिहून घेणाऱ्या टाइम ऑफिसच्या माणसाला. तो कॉन्ट्रॅक्टरचा नसतो, कंपनीचा असतो, आणि त्याला माहीत असतं की उद्या काही झालं तर रजिस्टर त्याचंच बघतील. आणि लेटरचं म्हणाल तर आता नवीन कोडमध्ये अपॉइंटमेंट लेटर देणं बंधनकारक झालंय. हे पोरानं तोंडानं म्हणायची पण गरज नाही, ताईंच्या पोस्टरचा फोटो मोबाइलवर असला तरी पुरे.

जो कॉन्ट्रॅक्टर एवढ्यावरून परत पाठवतो त्याच्याकडे त्या पोरानं न गेलेलंच बरं असं मला वाटतं. आईबापांना हे पटणं कठीण आहे ते मान्य.

---

कळंगुटचा_शेफ

इथं सगळे एस्टेटचंच बोलतायत म्हणून लिहितो. गोव्यात पोरं फॅक्टरीपेक्षा हॉटेल-शॅकमध्ये पण तेवढीच लागतात, आणि तिथं सेफ्टी ऑफिसर नावाचा प्राणीच नसतो. डिसेंबर २०२५ ला हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली, २५ जण गेले, त्यातले बहुतेक तिथलेच कामगार, किचन आणि सर्व्हिसवाले, बाहेरच्या राज्यांतून आलेले. त्या दिवसापासून मी नवीन पोराला कांदा कापायला लावायच्या आधी बाहेर पडायचे दोन रस्ते चालवून दाखवतो, नुसते सांगत नाही, चालवतो. गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठं ते त्याच्या हातानं बंद करायला लावतो. आमच्याकडे मागच्या दारासमोर कोल्ड ड्रिंकचे क्रेट रचून ठेवायची सवय होती, ती मी भांडून बंद केली.

ताई, तुमच्याकडे हॉटेलला जाणारी पोरं येत असतील तर त्यांच्यासाठी वेगळी ओळ टाका: पहिल्या दिवशी मागचं दार उघडतं का ते बघ. कुठल्या खात्याकडे तक्रार करायची ते मात्र जाणकारांनी सांगावं, आम्हाला फॅक्टरीवाले म्हणतात तुम्ही आमच्यात येत नाही.

---

जुना_कारकून

शेफ, बरोबर सांगितलं त्यांनी. सत्तरी असो की कळंगुट, लोकांची अर्धी पायपीट चुकीच्या ऑफिसात होते. फॅक्टरी असेल तर आल्तिनोचं इन्स्पेक्टोरेट. हॉटेल, दुकान, बांधकाम, आणि पगार बुडवणं, कॉन्ट्रॅक्टर पळून जाणं असली सगळी प्रकरणं लेबर कमिशनरकडे, पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात. आग आणि बाहेर पडायच्या रस्त्याचं फायर सर्व्हिसकडे. खाण असली की राज्याचं नाही, केंद्राचं डीजीएमएस, म्हणजे खाणींच्या सुरक्षेचं खातं. बांधकामावरच्या लोकांना आणखी एक, वर्षात ९० दिवस काम केलेलं असेल तर वेल्फेअर बोर्डात नाव घालता येतं, वय १८ ते ६०. बांधकामाच्या खर्चावर जो सेस घेतात त्यातूनच त्यांच्या योजना चालतात, पण नाव घातलं नाही तर काही मिळत नाही. ताई, तुमच्याकडे गवंडी आणि सेंटरिंगवाले ई-श्रमला येतात तेव्हा हेही विचारत चला.

आता त्या पोराचं. रोलवर नव्हता म्हणून हक्क गेला असं अजिबात नाही. ईएसआयमध्ये कामावरच्या अपघाताला आधी अमुक महिने पैसे भरलेले पाहिजेत अशी अट नसते, कामाच्या पहिल्या दिवशी झाला तरी धरतात. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस असला तरी वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची, आणि मालकानं भरली नसेल तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि बोटं गेलीत म्हणजे कायमच्या अपंगत्वाचं वेगळं. ते मेडिकल बोर्ड ठरवतं. कंपनी ईएसआयखाली येत नसेल तर मग नुकसानभरपाईचा दावा लेबर कमिशनरकडे. दोन्हीकडे एकदम नाही मिळत, म्हणून आधी कंपनी ईएसआयखाली येते का ते बघायचं.

आणि अपघात झाला आणि माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर फॅक्टरीनं इन्स्पेक्टोरेटला नोटीस द्यायची असते. ती दिली होती का हे पहिल्यांदा विचारा. दिली नसेल तर तिथंच ते अडकतात.

तो तिथं कामाला होता हे सिद्ध करायला काय आहे ते गोळा करा. तो व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका.

---

सत्तरीची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री त्याच्या बापाला बसवून सगळं वाचून दाखवलं. मेसेज आहे, पोराच्या मोबाइलमध्ये आहे अजून. बसमधल्या पोरांचा एक सेल्फी पण आहे, मागं गेट दिसतंय. हॉस्पिटलचा केसपेपर आहे, त्यात "मशीनमध्ये हात सापडून" असं डॉक्टरांनी लिहिलंय. ४८ तासांच्या नोटिशीचं कुणालाच माहीत नव्हतं.

भिंतीवरचं असं लिहायचं ठरवलंय, चूक असेल तर सांगा. वर मोठ्या अक्षरात: कंपनीचं नाव विचार. कुणाच्या रोलवर ते विचार. लेटर माग. ईएसआय नंबर माग आणि पैसे भरतात का ते दुकानात येऊन बघ, मी फुकट बघून देईन. मशीन शिकवल्याशिवाय हात लावू नको. बटण, गार्ड, सेन्सर बांधलेला दिसला तर उभा राहू नको, सांग. हॉटेलात गेलास तर मागचं दार बघ. खाली कुठलं ऑफिस कशासाठी ते कारकून काकांनी लिहिलंय तसं. मराठी मी करते, हिंदी पण जमेल, कन्नड कोण करून देईल का?

आणि काका, आयटीआयच्या सरांना भेटले. ते म्हणाले शेवटच्या महिन्यात एक दिवस देतो, सेफ्टीवाल्यांना बोलवा. @कुंडईचा_सेफ्टीवाला भाऊ, येणार का?

---

कुंडईचा_सेफ्टीवाला

येणार. शनिवार ठेवा, मला रजा टाकावी लागणार नाही. येताना खराब झालेलं टू-हँड बटणाचं पॅनेल घेऊन येतो, स्टोअरमध्ये पडलंय, पोरांना हातात देता येईल. कन्नड आमच्या शिफ्टमधला एक जण करून देईल, मजकूर पाठवा. "उभा राहू नको, सांग" याच्या पुढं "कुणाला" ते पण टाका, म्हणजे सुपरवायझरला, नाही ऐकलं तर सेफ्टी ऑफिसरला, तोही नसेल तर इन्स्पेक्टोरेट.

---

जुना_कारकून

पोराच्या बापाला सांगा सोमवारी पणजीला या, मी कदंबा स्टँडवर थांबतो, इन्स्पेक्टोरेट आणि लेबर कमिशनर दोन्ही ऑफिसात बरोबर येतो. आणायचं काय: केसपेपरच्या झेरॉक्स तीन, औषधांची बिलं, पोराचं आधार, आयटीआयचं सर्टिफिकेट, मेसेजची आणि फोटोची प्रिंट, त्यावर तारीख दिसली पाहिजे. बरोबर कामाला असलेल्या दोघांची नावं लिहून आणा, ते आता बोलायला तयार नसले तरी चालेल. अर्ज मी इथं लिहून ठेवतो, सही पोराची पाहिजे, उजव्या हातानं जमत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो, साक्षीदार मी होतो.